थोरला कामाला गेला

खोली बघायला गेले तेव्हा नावगाव विचारायच्या आधी सरांनी मला विचारलं, "मिक्सर आहे तुझ्याकडे?"

"आहे," मी म्हटलं.

"लावायच्या आधी खाली हाक मारायची. मी 'हो' म्हटलं की मगच लावायचा. गिझर, इस्त्री, सगळ्याला तेच."

मी मनात म्हटलं, घ्या, मिळाला आपल्याला चक्रम घरमालक. मी कराडची, तोंडाने फटकळ. रत्नागिरीतल्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात क्वालिटीचं काम मिळालं म्हणून बॅगा घेऊन आलेली. जिन्यात उभं राहून परवानगी घेऊन चटणी वाटायची माझी अजिबात तयारी नव्हती. पण खोली हवेशीर होती, कारखान्याची गाडी कोपऱ्यावर थांबायची, आणि सरांच्या बायकोने, काकूंनी, तोवर माझ्या हातात कोकम सरबत दिलं होतं. सरबत प्यायल्यावर नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी चहाला खाली बोलावलं तेव्हा मिक्सरचा उलगडा झाला. बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती. भिंतीला लागून कपाटं आणि कपाटांत कॉम्प्युटर. टेबलांवर कॉम्प्युटर. लोक जिथे टीव्ही ठेवतात तिथे एक अगडबंब कॉम्प्युटर, त्यावर काकूंनी विणलेला रुमाल. सगळे जुने, कित्येक तर माझ्याहून वयाने मोठे. हिरव्या अक्षरांचे पडदे, पापडासारख्या वाकणाऱ्या मोठ्या फ्लॉप्या. आणि ते नुसते मांडून ठेवलेले नव्हते. त्यातला एक चालू होता आणि सर त्यावर सोसायटीची नोटीस टाइप करत होते. वर मी मिक्सर लावला की खालचं व्होल्टेज पडणार आणि सरांची नोटीस मध्येच उडणार, असा सगळा मामला होता.

सर म्हणायचे त्यांना सगळेच. अर्ध्या रत्नागिरीने त्यांच्या क्लासात टायपिंग शिकलेलं. बँकेत जा, कोर्टात जा, कोणीतरी टेबलामागून उठून "सर, नमस्कार" म्हणणारच. पुढे टाइपरायटर गेले, क्लासात कॉम्प्युटर आले, मग घरोघरी कॉम्प्युटर आले आणि क्लासच बंद पडला. दुसऱ्या कोणी ती यंत्रं भंगारात घातली असती. सरांनी घातली नाहीत, उलट दुसऱ्यांनी घातलेली उचलून आणली.

जो जिथून आला ते त्याचं नाव. मालगुंडच्या शाळेतून आलेले ते 'गुरुजी'. एका पतपेढीतून आलेली ती 'पतपेढी', तिला सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की सर म्हणायचे, हिची अजून जेवणाची सुट्टी संपली नाय. अंजनवेलच्या बाजूला एका ठेकेदाराच्या ऑफिसातून आलेला तो नुसताच 'अंजनवेल'. आणि सगळ्यात मोठा मान 'थोरल्या'चा. टीव्हीच्या जागेवरचा तो अगडबंब, क्लासात आलेला पहिला कॉम्प्युटर.

"हा आला तेव्हा आमचे हे महिनाभर त्याच्या वाटेला गेले नाहीत," काकू सांगायच्या. "टाइपरायटरवर डोळे मिटून बोटं चालवणारा माणूस, आणि याला बघून घाम फुटायचा. मी झाडू मारताना बटण दाबलं, तेव्हा सुरू झाला."

"तू दाबलंस ते चुकून," सर म्हणायचे.

"चुकून तर चुकून. तुम्ही तेवढंही केलं नव्हतंत."

सरांचं एक ठाम मत होतं: बंद ठेवलेला कॉम्प्युटर म्हणजे टेबल. टेबल ठेवायचं असेल तर सुताराकडून करून घ्यावं, ते निदान सरळ असतं. त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला काम लावून दिलेलं. पतपेढी किराण्याच्या याद्या छापायची. अंजनवेलवर वाडीच्या शिमग्याचा कार्यक्रम छापला जायचा, त्या कर्कश प्रिंटरवर, कडांना भोकं असलेल्या कागदावर. गुरुजी भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचे. सरांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम. कोळीण दारात टोपली उतरवायची आणि आत डोकावून विचारायची, "उद्या पाणी कधी चढतंय ते विचारा जरा त्येला." सर मनापासून विचारायचे. मोबाईलवर हे सगळं मिळतं असं मी एकदा बोलले. सर म्हणाले, "मिळतं ना. घाई असेल तर तिकडे बघ."

कोकणात यंत्र जिवंत ठेवायचं म्हणजे काय असतं ते मला पहिल्या पावसाळ्यात कळलं. माझ्या चामडी चपलांना हिरवी बुरशी आली, पुस्तकं फुगली, कपाटातल्या साडीला वास यायला लागला. वर समुद्राचा खारा वारा, तो तर लोखंड खातो. आणि खाली सरांच्या कपाटांत प्रत्येक खणात एक पिवळा बल्ब पेटलेला, थोरल्याच्या मागेही एक. बारीकशा उबेने ओल पळते. आता बाजारात थंड बल्ब आले, त्यांचा उपयोग नाही, म्हणून जुने तापणारे बल्ब जिथे मिळतील तिथून आणून सरांनी साठा केलेला. लोक पावसाळ्यासाठी तांदूळ, सुकट, कांदे भरतात, हे बल्ब भरायचे.

त्यात ते पुड्यांचं. बुटाच्या खोक्यात ओल शोषायची पांढऱ्या दाण्यांची पुडी असते ना, जिच्यावर 'खाऊ नका' लिहिलेलं असतं, ती सर गावातल्या सगळ्या चपलांच्या दुकानांतून मागून आणायचे. दुकानदार त्यांच्यासाठी राखून ठेवायचे. ओल शोषून पुड्या दमल्या की सर त्यातले दाणे तव्यावर भाजून परत कोरडे करायचे. काकूंनी त्यासाठी वेगळा तवा दिलेला, त्यावर खिळ्याने फुली मारलेली.

"एकदा त्याच तव्यावर माझी पोळी भाजली यांनी," काकू म्हणाल्या.

"पोळी कोरडी झाली होती मात्र," सर म्हणाले.

एकदा कुंभारमाशीने गुरुजींच्या मागच्या भोकात मातीचं घर केलं, प्रिंटरची वायर लागते तिथे. मी म्हटलं, काडीने काढून टाका की. सर भिंग घेऊन बघत बसले आणि म्हणाले, "आत पिल्लू आहे. जाऊ दे त्याला उडून." पिल्लू उडेपर्यंत गुरुजींनी काही छापलं नाही. वाडीतले लोक आपले भरतीच्या वेळा सरांना तोंडी विचारून जायचे.

ज्या वर्षी चिपळूणला पुराचं पाणी घराघरात शिरलं, त्या वर्षी सर मदतीच्या ट्रकमधून तिकडे गेले. तिथे खिचडी वाढली, लोकांच्या घरातला गाळ उपसला, आणि परत आले ते दोन कॉम्प्युटर घेऊन. त्यातून चिखल ओघळत होता. मालक फेकून देत होता म्हणे. सरांनी ते उघडले, पागोळ्यांखाली धरून धुतले, मऊ ब्रशने घासले आणि त्यांचे हिरवे बोर्ड पडवीतल्या काथ्याच्या दोरीला चिमट्यांनी टांगले. रस्त्याने जाणारा एकजण थांबून म्हणाला, "सर, पावसात सुकट घातलीत काय?" सर म्हणाले, "हो, तेजी आहे यंदा." ते दोघेही चालू झाले. एकाचा पडदा कायमचा तांबूस राहिला, पण चालला. त्यांना 'चिपळूणकर बंधू' म्हणत.

तेव्हापासून मी हसणं कमी केलं. मिक्सर लावायच्या आधी हाक मारायला लागले, मनापासून.

एका बाबतीत मात्र सर कडक होते. ओल्या हाताने कोणी यंत्राला हात लावला की संपलं. घरी आलेल्या पाहुण्याला, मग तो पोलीस खात्यातला अधिकारी का असेना, आधी हात पुसायला पंचा मिळायचा. एकदा सख्ख्या मेव्हण्याने चहाचा कप पतपेढीवर ठेवला. मेव्हण्याला पुढच्या वेळी चहा अंगणात मिळाला.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आमच्या कारखान्यात हापूसचा रस डब्यात भरतात, डबे बंद करतात आणि मग रिटॉर्टमध्ये, म्हणजे एका खोलीएवढ्या प्रेशर कुकरमध्ये, वाफेवर शिजवतात. किती तापलं, किती वेळ तापलं, यावर सगळं अवलंबून. कमी पडलं तर डबा आतून सडतो आणि खाणारा आजारी पडतो. वाफेचा व्हॉल्व्ह उघडायचं, तापमान मोजायचं आणि प्रत्येक घाण्याचा छापील कागद काढायचं काम एक जुनापुराणा कॉम्प्युटर करायचा. रिटॉर्टशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये तो वर्षानुवर्षं बसलेला. त्याच्याकडे कोणी कधी बघितलंही नव्हतं. तो कागद हातात आल्याशिवाय मी मालावर सही करत नाही.

ऐन मे महिन्यात, हंगाम भरात असताना, एका सकाळी तो सुरूच झाला नाही. तंत्रज्ञ आला, त्याने झाकण काढलं. बोर्डावरची बॅटरी पाझरून तिच्या क्षाराने अर्धा बोर्ड खाल्लेला. तापमान वाचणारं कार्ड शाबूत होतं, पण ते कार्ड ज्या लांब खाचेत बसतं ती खाच आजच्या कॉम्प्युटरला नसतेच. नवीन यंत्रणा बसवायची तर पावसाळा लागेल, असं कंपनीने सांगितलं.

आंबा थांबत नाही. गोदामात पेट्यांवर पेट्या, आढीतला आंबा पिकत आलेला, वासाने डोकं भणाणत होतं. शेठ केबिनच्या बाहेर खुर्ची टाकून बसले आणि मला म्हणाले, "मॅडम, बायकांना उद्यापासून नको म्हणून सांगा."

आंबा कापायला आतल्या गावांतून बायका येतात, टेम्पो भरून. बहुतेकींचे नवरे मुंबईला. शेतात वर्षाचं भात पिकतं, रोख पैसा मात्र या दोन महिन्यांतच हातात येतो. पोरांची शाळा, कौलं, गणपती, सगळं त्यावर. त्यांच्यात वडीलधारी सुगंधाताई. मी तिला सांगितलं.

"किती दिवस नको?" तिने विचारलं.

"माहीत नाही हो. कदाचित हंगामभर."

ती भांडली नाही. तिने सुरी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मागच्या बायकांनी तिच्याकडे बघून आपापल्या सुऱ्या पुसल्या. मला ते बघवेना.

त्या संध्याकाळी मी सरांच्या समोर बसून कार्डाचं वर्णन केलं. एवढं लांब, खाली सोनेरी पट्टी, मध्ये एक खाच. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत सर म्हणाले, "थोरल्याला बसेल."

"गुरुजींना नाही का बसणार?" मी विचारलं. मला माहीत होतं मी काय मागतेय ते.

"त्यांची खाच आखूड. चिपळूणकरांच्या खाचा पुराने गंजल्या. थोरल्यालाच बसेल." मग म्हणाले, "कुठे ठेवणार त्याला? रिटॉर्टच्या शेजारी?"

"हो."

"म्हणजे वाफेत. त्यात आंब्याच्या रसाची आंबट वाफ. इतकी वर्षं मी त्याला बल्बाच्या उबेत ठेवला, आणि तू त्याला कुकरच्या तोंडाशी नेऊन बसव म्हणतेस." आवाज चढला नव्हता, पण थोरल्यावरच्या रुमालाची सरळ असलेली कड त्यांनी पुन्हा सरळ केली. "पुण्याहून जुनी यंत्रं जमवणारे संग्राहक आले होते, त्यांना मी नुसता दाखवायलासुद्धा दिला नाही गावाबाहेर."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. सर उठून अंगणात गेले. फणसाखाली फेऱ्या मारल्या. नारळाची पडलेली झावळी उचलून बाजूला ठेवली. मग आत येऊन थोरल्यावरचा रुमाल काढून घडी घातला आणि काकूंच्या हातात दिला.

"गोधडी दे गो एक," म्हणाले. "जाडी."

सकाळी थोरला गोधडीत गुंडाळून सरांच्या मांडीवर, मी शेजारी, असे आम्ही रिक्षाने निघालो. खड्डा आला की सर त्याला दोन्ही हातांनी उचलून धरायचे. रिक्षावाल्याने आरशात बघत विचारलं, "सर, पेशंट आहे काय?"

"धडधाकट आहे," सर म्हणाले. "कामाला चाललाय."

कारखान्यात शेठ लगेच किमतीचं बोलायला लागले. सरांनी त्यांना हाताने थांबवलं. "विकायला नाय आणला. हंगामापुरता आलाय. आणि तो एकटा राहणार नाय, मी त्याच्याशेजारी बसणार. मला एक स्टूल आणि एक पंखा लागेल. पंखा त्याला." शेठनी स्वतःच्या केबिनमधला पंखा काढून दिला.

कार्ड बसलं. जुन्या कॉम्प्युटरची प्रोग्रॅमची फ्लॉपी बसली, पडदा जोडला. सर बटणाला हात लावणार एवढ्यात सुगंधाताई आणि तिच्या बायका आत आल्या. टेम्पोवाल्याकडे निरोप देऊन मी त्यांना परत बोलावलं होतं. दर हंगामाला नारळ वाढवल्याशिवाय बॉयलर पेटत नाही, रस काढायचा पल्पर फिरत नाही. सुगंधाताईने उंबऱ्यावर नारळ फोडला, आणि बॉयलरवर ओततात तसं करवंटीतलं पाणी मनोभावे, हात जोडून, थोरल्याच्या कीबोर्डवर ओतलं.

शेठनी डोक्याला हात लावला. सुगंधाताईला आमच्या तोंडांकडे बघून कळलं की काहीतरी भयंकर झालंय. मी सरांकडे बघितलं. चहाच्या कपावरून मेव्हण्याला अंगणात बसवणारा हा माणूस, आता काय करणार?

सरांनी वायर काढली. कीबोर्ड उपडा केला. मग तो घेऊन सरळ हात धुवायच्या नळाखाली गेले आणि नळ सोडून त्यांनी तो खळखळून धुतला. मी तर डोळेच मिटले.

"नारळाचं पाणी गोड," ते मागे न बघता म्हणाले. "राहिलं तर बटणं चिकटतील, मुंग्या लागतील. त्यापेक्षा नळाचं बरं. बॉयलरशेजारी उपडा घालून ठेवा, वाळेल." बॉयलरवाल्याने तो तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांवर घेतला. "तोवर घरून गुरुजींचा मागवतो," सर म्हणाले. "काकूंना फोन लाव."

मग ते सुगंधाताईकडे वळले. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "सर, मला नाय कळलं हो," ती म्हणाली.

"त्यात काय कळायचंय? पहिल्या दिवशी कामाला आलेल्याचा मान केलास." सरांनी हात पुढे केला. "खोबरं कुठाय? वाट की."

तिने खोबरं वाटलं. सरांनी आपला तुकडा खाल्ला आणि आम्ही सगळे जण केबिनच्या दारात उभे राहून खोबरं चावत गुरुजींच्या कीबोर्डची वाट बघत होतो. मला कधी कोणाविषयी एवढा आदर वाटला नव्हता. अजून वाटतो.

थोरला चालला. दिवस दिवस चालला. सकाळी बटण दाबलं की आधी पडद्यावर आकडे चढत जायचे, टिकटिक व्हायची, मग फ्लॉपी घर्र घर्र करायची आणि एक बारीक शिट्टी. कापायच्या टेबलावरून ते सगळं ऐकू यायचं. शिट्टी झाली की बायका सुऱ्या हातात घ्यायच्या. त्या आधी नाही.

सर रोज पहिल्या गाडीने माझ्याबरोबर यायचे, डबा घेऊन. स्टुलावर बसून पंख्याची दिशा बदलत राहायचे, पुड्या बदलायचे, कडेने साचलेला दमटपणा पंच्याने टिपायचे. शेठ एकदा ओल्या हाताने कागद घ्यायला आत आले. सरांनी नुसतं बघितलं. शेठ बाहेर गेले, हात पुसले आणि परत आले. जेवणाच्या सुट्टीत बायका काचेला नाक लावून हिरवे आकडे बघायच्या. कोणी विचारलं की सर सांगायचे, हे तापमान, ही वेळ, हा तुम्ही सकाळी कापलेला आंबा. हळूहळू कोणी त्याला मशीन म्हणेना. "थोरल्याला वारा लागतोय ना?" असं विचारून पुढे जायच्या.

मी मात्र बघत होते. झाकणाच्या फटींना तांबूस कड यायला लागली होती. फ्लॉपीचा आवाज जड झाला होता. एकदा मी म्हटलं, "सर, बास आता. घेऊन जाऊ घरी." ते म्हणाले, "आढीत अजून आंबा आहे."

आढी संपली. शेवटच्या घाण्याचा कागद निघाला, मी सही केली, बायका टेम्पोत चढल्या आणि आम्ही थोरल्याला गोधडीत गुंडाळून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सरांनी तो उघडला. आतला बोर्ड हिरवा, काळा, पांढरा, सगळ्या रंगांनी फुलून आलेला. खाचेची सोनेरी पट्टी कोळशासारखी झालेली. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

मला रडू कोसळलं. मी मागितला नसता तर तो आपल्या जागी उबेत बसलेला असता.

"रडतेस कशाला?" सर म्हणाले. "वाईट मलाही वाटतंय. फार वाटतंय, खोटं कशाला सांगू? पण क्लासात मी त्याच्यावर पोरांना काय शिकवलं? अर्जाचा नमुना. 'सविनय सादर' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. रोज तोच अर्ज, कधी पोस्टात पडला नाय. आणि आता हंगाम काढलान त्याने. एवढ्या बायकांचा हंगाम काढलान."

पुण्याच्या संग्राहकांना कळलं तेव्हा त्यांचा फोन आला. आता तरी द्या, ते म्हणाले, आम्ही काचेत ठेवू, चालला नाही तरी दिसायला छान आहे. सरांनी फोन ठेवला आणि मग काही आठवडे त्यांचे फोन घेतलेच नाहीत.

सगळा पावसाळा सर त्याच्याशी झुंजत होते. व्हिनेगरने बोर्ड पुसला. ज्या तांब्याच्या रेषा त्या आंबट वाफेने खाल्ल्या होत्या, केसाएवढ्या बारीक, त्या भिंगाखाली एकेक शोधून तितकीच बारीक तार डागून जोडल्या. सरांचा हात थरथरतो. मी बघितलंय, ते डाग देताना श्वास रोखून, कोपर टेबलावर दाबून, थरथर थांबायची वाट बघत बसायचे. थांबली की एक डाग. मग पुन्हा वाट. काकू शेजारी बसून टॉर्च धरायच्या. गणपती आले, गेले. दिवाळी गेली. थोरला उठला नाही. विचारायचं मी बंद केलं.

मग पुढचा हंगाम आला. कारखान्यात नवीन यंत्रणा बसली, बोटाने चालणारा गुळगुळीत पडदा. काही आवाज करत नाही. बायका पहिल्या दिवशी सुऱ्या घेऊन उभ्या राहिल्या आणि कधी सुरू करायचं ते त्यांना कळेना. शेवटी मीच सांगितलं, "करा."

त्या आठवड्यात एका सकाळी कापायच्या टेबलाशी असताना माझा फोन वाजला. सर. ते मला कामावर कधीच फोन करत नाहीत.

"आवाज मोठा कर फोनचा," ते म्हणाले. "आणि तिथे धर."

मी स्पीकर लावून फोन टेबलावर आंब्यांच्या मध्ये ठेवला. आधी काही नाही, नुसती खरखर. मग टिकटिक. मग घर्र घर्र. सगळ्या सुऱ्या थांबल्या. मग ती बारीक शिट्टी.

फोनमधून सरांचा आवाज येईना. मागून काकू म्हणाल्या, "अगो, यांना बोलवत नाही आत्ता. नंतर करतील फोन."

सुगंधाताई फोनवर वाकली. रसाने माखलेले हात तिने पाठीमागे धरले होते. "सर," ती म्हणाली, "त्याला ह्या हंगामाला आणू नका हां इथे. घरीच राहू दे. आम्ही येतो बघायला."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण रविवारी सकाळी मी वर खोलीत कपडे वाळत घालत होते तर खाली कारखान्याचा टेम्पो येऊन थांबला. बायका उतरल्या, ठेवणीतली पातळं नेसून, डोक्यात अबोली माळून. इतक्या वर्षांत सरांच्या यंत्रांना बघायला म्हणून एवढी माणसं एकदम कधी आली नव्हती. त्या अंगणात ओळीने उभ्या राहिल्या आणि आत जायचं कसं हे त्यांना सुचेना.

सर दारात आले. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. मग दाराचं दुसरं झापही उघडून ते बाजूला झाले.

"या," म्हणाले. "चालू आहे."